विश्लेषण : वाळवंटातली शर्यत घराघरांत नेणारे तिएरी साबीन कोण होते? डकार रॅलीचं चित्रीकरण इतकं अवघड का?

१४ जानेवारी १९८६. आपल्याकडे त्या दिवशी संक्रांत होती. तिळगूळ वाटून झाले होते, दिवेलागण होऊन बराच वेळ गेला होता. त्याच रात्री पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात एक लहानसं पांढरं हेलिकॉप्टर अंधारात वाळूच्या टेकडीवर आदळलं. आत पाच जण होते. पाचही जण जागीच गेले. त्यातला एक जण फ्रान्समधला अतिशय लोकप्रिय गायक होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचे मथळे त्याच्या नावाचे झाले. पण ज्या शर्यतीसाठी हे हेलिकॉप्टर तिथं उडत होतं, ती शर्यत सुरू करणारा माणूसही त्यातच होता. त्याचं नाव तिएरी साबीन, वय ३६.

साबीन यांनी सुरू केलेली पॅरिस-डकार रॅली आज नुसती ‘डकार’ म्हणून ओळखली जाते. ती आता पॅरिसहून निघत नाही आणि डकारलाही पोहोचत नाही. २०२० पासून ती सौदी अरेबियात होते. तरी दर जानेवारीत मोबाइलवर वाळूच्या लाटांवरून उडी मारणारी मोटारसायकल दिसते, मागे धुळीचा लांबच लांब पिसारा दिसतो, आणि हे काय आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. २०२६ च्या संक्रांतीला साबीन यांच्या मृत्यूला ४० वर्षं झाली. त्यानिमित्त हे साबीन कोण होते आणि कुणालाही न दिसणारी शर्यत त्यांनी जगाला कशी दाखवली, ते पाहू.

साबीन या शर्यतीपर्यंत कसे आले?

तिएरी साबीन यांचा जन्म १३ जून १९४९ रोजी पॅरिसला लागून असलेल्या नयी-स्यूर-सेन इथं झाला. तरुणपणी घोडेस्वारीची आवड होती, मग मोटारींची लागली. सत्तरच्या दशकाच्या मध्यात पोर्शे घेऊन ते ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीतही उतरले होते. पण चालक म्हणून ते पहिल्या फळीतले कधीच नव्हते. त्यांचं खरं काम जनसंपर्काचं होतं. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर ल तुके नावाचं एक पर्यटनगाव आहे. उन्हाळ्यात गजबजलेलं, हिवाळ्यात ओस. या गावाकडे हिवाळ्यातही लोक यावेत यासाठी काहीतरी करायचं होतं.

साबीन यांना जे सुचलं ते एका चित्रपटातून सुचलं. ‘ऑन एनी संडे’ हा अमेरिकी माहितीपट १९७१ मध्ये आला होता. मोटारसायकलवेड्या माणसांवरचा हा माहितीपट ब्रूस ब्राउन यांनी केला होता आणि त्यात स्टीव्ह मॅक्वीनसारखा बडा नटही होता. त्यात वाळवंटातल्या शर्यतीचं एक दृश्य आहे. शेकडो मोटारसायकली एका रांगेत उभ्या असतात आणि इशारा मिळताच सगळ्या एकदम सुटतात. हेच दृश्य समुद्रकाठच्या वाळूत उभं करायचं साबीन यांनी ठरवलं. फेब्रुवारी १९७५ मध्ये ‘एंद्युरो द्यु तुके’ ही शर्यत पहिल्यांदा झाली. पुढे ती पाहायला लाखोंची गर्दी होऊ लागली आणि आज नाव थोडं बदलून ती अजूनही भरते.

हा तपशील किरकोळ वाटेल, पण साबीन यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथंच आहे. बहुतेक आयोजक आधी शर्यत ठरवतात आणि मग छायाचित्रकारांना बोलावतात. साबीन यांच्या डोक्यात आधी चित्र यायचं, शर्यत त्यानंतर.

हरवलेला स्पर्धक

दोन वर्षांनी, १९७७ च्या सुरुवातीला, साबीन यामाहा एक्सटी ५०० घेऊन आबिजान-नीस या रॅलीत उतरले. आयव्हरी कोस्टमधून निघून सहारा ओलांडत फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत जाणारी ही शर्यत जाँ-क्लोद बर्त्राँ यांनी सुरू केली होती. नायजर आणि लिबियाच्या सीमेलगतच्या भागात साबीन यांची वाट चुकली. होकायंत्र हरवलं, इंधन संपलं. तेव्हा जीपीएस नव्हतं, उपग्रह फोन नव्हता. तीन दिवस आणि दोन रात्री ते त्या उजाड पठारावर एकटे होते. मृत्यू जवळ आलेला असताना शोधविमानाला ते दिसले.

असा माणूस घरी परतल्यावर पुन्हा वाळवंटाचं नाव काढणार नाही असं कुणालाही वाटेल. साबीन यांनी नेमकं उलट केलं. युरोपातून निघायचं, भूमध्य समुद्र ओलांडायचा, अल्जीरिया, नायजर, माली, अप्पर व्होल्टा म्हणजे आजचा बुर्किना फासो, असं करत सेनेगलच्या राजधानीत, अटलांटिकच्या काठावर थांबायचं असा मार्ग त्यांनी आखला. सुरुवातीला कारखान्यांच्या संघांसाठी ही स्पर्धा नव्हतीच. स्वतःची जुनी गाडी, पदरचे पैसे आणि सुट्टी घेऊन येणाऱ्या हौशी लोकांसाठी होती.

२६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसमध्ये आयफेल टॉवरसमोरच्या त्रोकादेरो चौकातून १८२ गाड्या निघाल्या. त्यात मोटारसायकली, मोटारी आणि ट्रक होते. सुमारे १० हजार किलोमीटरनंतर १४ जानेवारी १९७९ रोजी डकारला पोहोचल्या त्या फक्त ७४. पहिला आला २२ वर्षांचा सिरिल नेवू, आणि त्याच्याकडेही यामाहा एक्सटी ५०० होती, साबीन ज्या मोटारसायकलवर हरवले तीच. तेव्हा सगळ्या प्रकारच्या वाहनांचा निकाल एकत्र लागायचा, त्यामुळे मोटारी आणि ट्रक दोघांनाही मागे टाकून एक मोटारसायकल अव्वल ठरली. एका मोटारसायकलस्वाराचा मृत्यूही याच पहिल्या वर्षी झाला.

१० हजार किलोमीटर म्हणजे किती? मोडनिंबहून दिल्ली साधारण दीड हजार किलोमीटर. म्हणजे दिल्लीच्या तीन फेऱ्या जाऊन-येऊन, आणि वर पुन्हा थोडं. फरक इतकाच की पुणे-सोलापूर महामार्गासारखी सलग डांबरी वाट त्यात फार थोडी, आणि ढाबा तर नाहीच.

रॅली-रेड म्हणजे नेमकं काय?

ट्रॅकवरच्या शर्यतीत गाड्या एकाच वर्तुळात पुन्हा पुन्हा फिरतात. रॅली-रेडमध्ये दररोज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं असतं. वाटेतला वेळ मोजला जाणारा टप्पा शेकडो किलोमीटरचा असतो. स्पर्धकाच्या हाती रोडबुक असतं. अमुक किलोमीटरवर कोरडी नदी, तमुक किलोमीटरवर दोन टेकड्यांच्या मधून डावीकडे, अशा खुणा त्यात असतात. रस्ता आधी पाहून ठेवता येत नाही. गाड्या ठरावीक अंतरानं सोडतात, त्यामुळे डोळ्यांसमोर कोण पुढे आहे यावरून काही कळत नाही, घड्याळच खरं. संध्याकाळी सगळे एका तळावर जमतात. त्याला बिव्हॅक म्हणतात. तिथं रात्रभर जनरेटरच्या उजेडात गाड्या उघडलेल्या असतात आणि पहाटे पुन्हा निघायचं असतं.

ही रचना समजली की पुढची अडचण आपोआप लक्षात येते. क्रिकेटचं मैदान, कुस्तीचा आखाडा किंवा बैलगाड्यांचा घाट, प्रेक्षक जिथं बसतो तिथून खेळ दिसतो. इथं प्रेक्षक बसणार कुठं?

चित्रीकरण इतकं अवघड का?

आधी अंतराचा प्रश्न. ४०० किलोमीटरच्या टप्प्यावर कॅमेरा कुठंही लावला तरी एक गाडी त्याच्यासमोरून काही सेकंदांत निघून जाते आणि पुन्हा त्या दिवशी येत नाही. म्हणजे छायाचित्रकाराला आधी अंदाज बांधावा लागतो. गाड्या कुठं उडी मारतील, कुठं रुततील, वाट कुठं चुकतील. त्या जागी स्पर्धकांच्या आधी पोहोचावं लागतं, म्हणजे पहाटे नव्हे, मध्यरात्री निघावं लागतं. सगळे गेल्यावर त्याच खडतर वाटेनं तळ गाठावा लागतो, आणि तोवर रात्र झालेली असते. स्पर्धकाला निदान वेळेचं बक्षीस असतं. मागून येणाऱ्या कॅमेऱ्याच्या गाडीला तेच खड्डे, तीच वाळू, आणि वर संपादनाची घाई.

मग धूळ. मोडनिंबच्या शिवारात गाळपाच्या हंगामात कच्च्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला की मागे जो फुफाटा उठतो, त्यात दोन मिनिटं समोरचं काही दिसत नाही. तोच फुफाटा तासाला १५० किलोमीटर वेगाच्या गाडीमागे उठला तर काय होईल याची कल्पना करा. पडद्यावर ही धूळ अतिशय देखणी दिसते. मावळतीचं ऊन मागून आलं तर सोन्यासारखी दिसते. पण त्याच धुळीत मागून येणारा मोटारसायकलस्वार आंधळा झालेला असतो. समोर दगड आहे की खड्डा की बंद पडलेली गाडी, हे त्याला कळत नाही. या शर्यतीतलं सर्वांत सुंदर चित्र आणि सर्वांत मोठा धोका ही एकच गोष्ट आहे.

प्रकाशाचंही तसंच. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना वाळूवर सावली पडत नाही. सावली नसली की उंचवटा कळत नाही. उभी टेकडी कॅमेऱ्यात सपाट कागदासारखी दिसते, म्हणून छायाचित्रकार सकाळ-संध्याकाळची वाट पाहतात. चालकाला मात्र वाट पाहता येत नाही. टेकडीच्या पलीकडे उतार आहे की सरळ कडा, हे त्यालाही दुपारी दिसत नाही आणि गाड्या उलटतात त्या अनेकदा याच वेळी.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी बातम्यांसाठी १६ मिलिमीटरची फिल्म बऱ्याच प्रमाणात वापरात होती. तिची ४०० फुटांची मोठी गुंडाळी जेमतेम ११ मिनिटं चालते. गुंडाळी बदलायची तर काळ्या पिशवीत हात घालून, चाचपडत. त्या पिशवीत वाळूचा एक कण गेला तरी फिल्मवर ओरखडा उठतो. चित्रीकरण झालं तरी काम संपत नाही, फिल्म धुवायला प्रयोगशाळा लागते आणि सहाऱ्यात ती नसते. मग व्हिडिओ आला. १९८२ मध्ये आलेल्या सोनीच्या बीटाकॅमसारख्या पद्धतीत कॅमेरा आणि रेकॉर्डर एकत्र झाले, धुण्याची कटकट गेली. पण टेप वाचणाऱ्या फिरत्या हेडला बारीक धूळ फिल्मपेक्षाही जास्त खुपते. आणि कॅसेट हातात आली तरी ती पॅरिसला न्यायची कशी हा प्रश्न होताच. रॅलीबरोबर विमानं असायची. त्यातून कॅसेट मोठ्या शहरात जायची आणि तिथून पुढे. आज ड्रोन आहे, हेल्मेटवर बोटाएवढा कॅमेरा आहे, तळावरून उपग्रहामार्गे दृश्य पाठवता येतं. तेव्हा एखाद्या मिनिटाच्या बातमीमागे दोन-तीन विमानप्रवास असत.

शेवटी हेलिकॉप्टर. लांब अंतरावर गाडीबरोबर राहू शकेल आणि वरून संपूर्ण देखावा दाखवू शकेल असं त्या काळात दुसरं साधन नव्हतं. पण लहान हेलिकॉप्टर दोन-तीन तासांत इंधन मागतं, म्हणजे वाळवंटात आधीच पिंपं नेऊन ठेवावी लागतात. पंख्याच्या वाऱ्यानं खालची वाळू उसळते, म्हणून फार जवळ जाता येत नाही, आणि फार दूर राहिलं तर चित्रात जीव येत नाही. चांगलं दृश्य हवं तर खाली उडायचं. वैमानिकाच्या दृष्टीनं खाली उडणं म्हणजे चुकीला जागा न ठेवणं.

पांढऱ्या पोशाखातला दिग्दर्शक

साबीन स्वतः याच हेलिकॉप्टरमधून रॅली चालवत. पांढरा पोशाख, दाढी, विस्कटलेले केस असं त्यांचं रूप ठरून गेलं होतं. दिवसभर वरून मार्गावर फिरायचं, कुणी वाट चुकलेला दिसला की खाली उतरून दिशा दाखवायची आणि रात्री तळावर उंच जागी उभं राहून दुसऱ्या दिवसाची माहिती द्यायची. तिथं ते कधी धीर द्यायचे, कधी सरळ झापायचे. दमलेले, धुळीनं माखलेले चेहरे आणि मध्ये पांढऱ्या कपड्यातला एक माणूस, हे दृश्य टीव्हीसाठी आयतंच होतं. ते योगायोगानं जमून आलं असेल असं मानणं जरा भाबडेपणाचं ठरेल.

आकडे वाढत गेले. १९८० मध्ये २१६ वाहनं होती, १९८४ मध्ये ४२७ झाली. हौशी लोकांबरोबर आता ओळखीचे चेहरे येऊ लागले. ल मान्स गाजवलेले जॅकी इक्स आले आणि त्यांच्या शेजारी सहचालक म्हणून कोण, तर फ्रेंच चित्रपटांतले नट क्लोद ब्रासर. १९८३ मध्ये या जोडीनं मर्सिडीजमधून मोटारींचा गट जिंकला. सिनेमाचा नट खराखुरा विजेता होतो, याहून मोठी जाहिरात कोणती!

१९८२ मध्ये तर जाहिरात न मागता मिळाली. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे चिरंजीव मार्क हे रॅलीत आपल्या सहकाऱ्यांसह अल्जीरियाच्या वाळवंटात हरवले. पंतप्रधानांच्या डोळ्यांत पाणी आल्याचं जगानं पाहिलं. शोधासाठी लष्करी विमानं निघाली आणि १४ जानेवारीला ते सुखरूप सापडले. तोवर ज्यांनी डकारचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना सहारा किती मोठा आहे हे समजलं. पुढच्याच वर्षी तेनेरेच्या पट्ट्यात वाळूच्या वादळात ४० च्या आसपास स्पर्धकांची वाट चुकली. प्रत्येक संकटाबरोबर शर्यतीची ख्याती वाढत होती.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साबीन यांना नुसते साहसवीर म्हणून मोकळं होता येणार नाही. या शर्यतीत आजवर ७० हून अधिक जीव गेले आहेत. त्यात स्वेच्छेनं आलेले स्पर्धक जसे आहेत, तसे रस्त्याकडेला उभे राहिलेले गावकरी आणि लहान मुलंही आहेत, ज्यांनी कुठल्या अर्जावर सही केलेली नव्हती. ज्या भागात सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत दुष्काळानं गुरं आणि माणसं मेली, त्याच भागातून महागड्या गाड्या धूळ उडवत जात होत्या. फ्रान्समध्येही यावर सडकून टीका होत असे. कॅमेऱ्यात वाळवंट मोकळं दिसतं. तिथं राहणारी माणसं चौकटीच्या बाहेर राहतात.

पाण्याचे पंप, आणि एक सोलापूरचा धागा

ही टीका साबीन यांच्या कानावर नव्हती असं नाही. १९८६ च्या रॅलीबरोबर पाण्याचे पंप नेण्याची मोहीम त्यातूनच जोडली गेली. तिचा चेहरा होता गायक दानिएल बालावॉन. वय ३३, आदल्या वर्षी आलेलं त्याचं गाणं फ्रान्सभर वाजत होतं. १९८३ मध्ये तो स्वतः रॅलीत सहचालक म्हणून उतरला होता. या वेळी तो शर्यतीसाठी नव्हे, पंप गावांपर्यंत पोहोचताहेत का हे पाहण्यासाठी आला होता. रॅलीचं वाहतुकीचं एवढं मोठं जाळं आहे, तर त्याचा उपयोग पाण्यासाठी का करू नये, असा हा साधा हिशेब होता.

माढा, मोहोळ, सांगोल्याच्या वाचकांना पंपाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडे गावोगाव विंधनविहिरी झाल्या, पण त्यांवरचे ओतीव लोखंडाचे हातपंप सतत मोडायचे. त्यावर तोडगा निघाला तो सोलापुरात. इथल्या वेल सर्व्हिसनं बनवलेला मजबूत पोलादी पंप ‘सोलापूर पंप’ म्हणून ओळखला गेला आणि त्याच्या रचनेवरूनच पुढे युनिसेफच्या पुढाकारानं ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप तयार झाला. तो जगातला सर्वाधिक वापरला जाणारा हातपंप मानला जातो. आफ्रिकेतल्या अनेक देशांत तो पोहोचला आणि मालीत त्याच्यावरून तिथला स्वतःचा पंपही बनला. बालावॉन यांच्या मोहिमेतले पंप हे नव्हते. पण ज्या मालीत ते पंप जात होते, तिथल्या आणि आपल्या शिवारातल्या गरजेत फार अंतर नव्हतं, एवढं यातून दिसतं.

१४ जानेवारीला काय झालं?

त्या दिवशी रॅली मालीत होती आणि मुक्काम नायजर नदीकाठच्या गुर्मा-रारूस इथं होता. गाओ शहरातल्या फुटबॉल सामन्याचा कार्यक्रम आटोपून साबीन हेलिकॉप्टरनं मुक्कामाकडे निघाले. एक्युरय नावाचं, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘खार’, हे एका इंजिनाचं छोटं हेलिकॉप्टर होतं. त्यांच्याबरोबर बालावॉन होते, पत्रकार नताली ओदाँ होत्या, रेडिओचं प्रसारण सांभाळणारे तंत्रज्ञ जाँ-पॉल ल फ्यूर होते आणि चालवत होते २४ वर्षांचे स्विस वैमानिक फ्रान्स्वा-झाव्हिए बान्यू. म्हणजे पाचांपैकी दोघं ही शर्यत लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या कामावरची माणसं होती.

वाटेत अंधार पडला. वाळवंटात रात्री वरून पाहणाऱ्याला जमीन कुठं संपते आणि आकाश कुठं सुरू होतं हे कळायला एकही दिवा नसतो. मुक्काम काही किलोमीटरवर राहिला असताना सव्वासात-साडेसातच्या सुमारास हेलिकॉप्टर वाळूच्या टेकडीला धडकलं.

त्याच वर्षी शर्यत सुरू होताना एका जपानी मोटारसायकलस्वाराचा मद्यधुंद चालकाच्या धडकेनं मृत्यू झाला होता. शर्यत संपल्यावर एक इटालियन स्पर्धक जखमांनी दगावला. रॅली थांबवायची का, यावर त्या रात्री तळावर चर्चा झाली. थांबवली नाही. २२ जानेवारीला ती डकारला पोहोचली. मोटारींत पोर्शे ९५९ घेऊन रेने मेत्ज जिंकले आणि मोटारसायकलींत सिरिल नेवू, सात वर्षांपूर्वी पहिली रॅली जिंकणारा तोच.

त्यानंतर

साबीन यांच्या अस्थी नायजरमधल्या तेनेरेच्या वाळवंटात, एका एकट्या झाडापाशी विखुरण्यात आल्या. ते झाड आता त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. याच वाळवंटातलं ‘तेनेरेचं झाड’ म्हणून प्रसिद्ध असलेलं दुसरं एकाकी झाड १९७३ मध्ये एका ट्रकनं पाडलं होतं. शेकडो किलोमीटर मोकळ्या जागेत नेमकं तेच झाड कसं आडवं आलं, हे कोडं अजून लोक चवीनं सांगतात.

रॅलीची सूत्रं वडील गिल्बेर साबीन यांनी हाती घेतली. मुलगा ज्यात गेला तीच शर्यत बापानं पुढे चालवली. नव्वदच्या दशकात ती ‘टूर द फ्रान्स’ भरवणाऱ्या समूहाकडे गेली. १९९२ मध्ये जीपीएस आलं आणि साबीन ज्या प्रकारे हरवले होते तसं हरवणं जवळपास अशक्य झालं. आता प्रत्येक वाहनावर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र असतं आणि धुळीत मागून येणाऱ्याला इशारा देणारंही असतं. गावांतून जाताना वेगमर्यादा लागू झाली. दहशतवादी हल्ल्यांच्या भीतीनं २००८ ची रॅली रद्द करावी लागली, पुढच्या वर्षी ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि मग सौदीत.

भारतीय त्यात उशिरा आले. २०१५ मध्ये सी. एस. संतोष हे डकार पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले, तेव्हा ते ३६ वे आले होते. २०२४ मध्ये केरळच्या हरिथ नोआ यांनी आपला गट जिंकला. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ मध्ये जुन्या गाड्यांच्या ‘डकार क्लासिक’ गटात उतरून शर्यत पूर्ण केली.

वैमानिक बान्यू यांच्या आई आल्बिना द्यु ब्वारूव्रे या चित्रपट निर्मात्या होत्या. सहाऱ्यात घडणारा ‘फोर सगान’ हा त्या काळातला सर्वांत खर्चिक फ्रेंच चित्रपटांपैकी एक, १९८४ मध्ये त्यांनीच काढला होता. मुलगा गेल्यावर त्यांनी दागिने आणि संपत्ती विकली आणि मुलाच्या नावानं संस्था काढली. एड्समुळे अनाथ झालेल्या मुलांसाठी ती काम करू लागली. तिचं काम भारतातही आहे.

आणि एक चित्रपट राहून गेला होता. क्लोद ललूश यांचा ‘अ मॅन अँड अ वुमन’ १९६६ मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला होता. त्याचा दुसरा भाग वीस वर्षांनी करायचा ठरला, तेव्हा जाँ-लुई त्रँतिन्याँ यांनी रंगवलेला शर्यतचालक नायक म्हातारपणाकडे झुकताना कुठं असेल, याचं उत्तर ललूश यांना पॅरिस-डकारमध्ये सापडलं. कथेत हा नायक वाळवंटात अडकतो. १९८६ मध्ये, अपघातानंतर काही महिन्यांनी, तो प्रदर्शित झाला. त्यात तिएरी साबीन यांचीही एक छोटी भूमिका आहे. श्रेयनामावलीत त्यांच्या नावापुढे तेच नाव पुन्हा येतं.